दाराशी रेंगाळणारी मुलं

यदुभट्ट हे त्या काळच्या बंगालातले फार मोठे गवई. कलकत्त्यातल्या जोडासांको भागातल्या ठाकुरांच्या वाड्यात त्यांचा मुक्काम असे. घरातल्या एका मुलाचा गळा चांगला आहे हे त्यांनी हेरलं आणि याला गाणं शिकवायचंच असा हट्ट धरला. रवींद्रनाथांनी म्हातारपणी लिहिलं आहे की तिथंच बिनसलं. शिकवायचा हट्ट धरला म्हणून शिकणं राहूनच गेलं. पण येता-जाता कानावर पडलेली काफीतली एक पावसाची चीज त्यांच्या गळ्यात कायमची बसली. पुढे स्वतःची पावसाळी गाणी केली, तेव्हाही ती त्यांच्या सोबत होती. समोर बसवून दिलेलं सगळं निसटलं आणि दाराआडून चोरून वेचलेलं टिकलं.

बंगालमधल्या कलावंत घरांत वाढलेल्या माणसांच्या आठवणी मी गेली कित्येक वर्षं वाचते आहे. आधी भाषांतरांतून वाचल्या. मग मुळातून वाचता याव्यात म्हणून बंगाली अक्षरं गिरवली. सुरुवातीला माझ्या मनात एक ठाम चित्र होतं. अशा घरांत पोरांच्या हाती लहानपणीच कुंचला देत असतील, सकाळ-संध्याकाळ रियाज होत असेल, म्हणून तर एकेका घरातून इतकी माणसं निघाली. वाचत गेले तसं ते चित्र पुसलं गेलं. शिकवण्या भरपूर होत्या, पण त्यांतून फारसं उगवलं नाही. जे उगवलं ते जिन्यात बसून, कठड्याला टेकून, कुणाच्या तरी खुर्चीमागे उभं राहून. मोठी माणसं आपापलं काम उघड्यावर करत होती आणि मुलं त्या कामाच्या आसपास घुटमळत होती. मला या घरांचा हेवा वाटतो तो एवढ्याच गोष्टीसाठी.

रवींद्रनाथांचा शाळकरी दिवस वाचताना दमायला होतं. पहाटे अंधारात उठून एका डोळ्यानं आंधळ्या पैलवानाबरोबर कुस्ती. अंगाची माती झटकून अंगरखा चढवला की बाराखडीपासून गणित-विज्ञानापर्यंत सगळं शिकवणारे मास्तर हजर. भिंतीवर तारेला टांगलेला हाडांचा सापळा, त्यावर हाडांची नावं पाठ करायची. मग शाळा. शाळेतून आल्यावर कसरतीचे मास्तर, चित्रकलेचे मास्तर. दिवे लागले की इंग्रजी शिकवायला अघोरबाबू. हे अघोरबाबू कधी आजारी पडत नसत. धो धो पाऊस पडतोय, गल्लीत गुडघाभर पाणी साचलंय, आज नक्की सुट्टी अशी आशा लागावी आणि वळणावर ती ओळखीची छत्री दिसावी! हा सगळा कार्यक्रम एका मोठ्या भावानं, हेमेंद्रनाथांनी, आखलेला. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण आठवणी लिहायला बसल्यावर रवींद्रनाथ या तासांवरून भराभर पुढे जातात आणि रेंगाळतात ते भलतीकडेच.

ते रेंगाळतात एका जुन्या पालखीपाशी. आजीच्या काळातली ती भली मोठी पालखी खजिनदाराच्या कचेरीच्या व्हरांड्यात एका कोपऱ्यात पडून होती. भर दुपारी दारं लावून मुलगा तिच्यात बसे आणि भोयांशिवायच ती रानावनांतून, वाघांच्या वाटेनं चालू लागे. व्हरांड्याच्या कठड्याचे गज म्हणजे त्याचे विद्यार्थी. हातात छडी घेऊन तो त्यांना शिकवायचा, मारायचा. आणि ती खिडकी. श्याम नावाचा नोकर त्याला खिडकीशी बसवून भोवती खडूनं रिंगण आखायचा आणि याच्या बाहेर पाऊल टाकशील तर अनर्थ होईल असं दटावून आपल्या कामाला निघून जायचा. रामायण ऐकलेलं असल्यामुळे सीतेचं काय झालं हे त्या पोराला माहीत होतं. तो हलत नसे. खाली घाट बांधलेलं तळं, काठावर जुना वड, आंघोळीला येणारी माणसं. कोण कान बोटांनी बंद करून बुडी मारतो, कोण पायरीवरूनच धाडकन उडी टाकतो, हे सगळं त्यानं दिवसचे दिवस पाहिलं.

इथं थोडं थांबावंसं वाटतं. ही गोष्ट अनेकदा गोड करून सांगितली जाते. मला ती गोड वाटत नाही. आई सारदादेवी मोठ्या कुटुंबाच्या रगाड्यात, पुढे आजारी. वडील देवेंद्रनाथ बरेचदा हिमालयात. मुलं नोकरांच्या हाती. त्यांच्या वाटचं दूध आणि पुऱ्या कमी करून आपली सोय पाहणारा नोकरही आठवणींत आहे. रवींद्रनाथांची भाची सरलादेवी हिनंही आपलं बालपण दाईच्या आणि दासीच्या कुशीत गेलं, आई दूरच राहिली, असं लिहून ठेवलं आहे. तिची आई स्वर्णकुमारी देवी, बंगालीतली पहिल्या फळीची कादंबरीकार. लेखणी धरलेल्या आईचा मला अपार आदर आहे आणि आईच्या स्पर्शासाठी झुरणाऱ्या मुलीसाठीही जीव तुटतो. या दोन्हींतलं एक खोडून टाकावं असं मला वाटत नाही.

घरातली मोठी माणसं मात्र दाराआड लपून काम करत नव्हती. ज्योतिरिंद्रनाथ, रवींद्रनाथांपेक्षा बारा वर्षांनी मोठे भाऊ, पियानोवर नव्या चाली बसवायचे आणि चाल निसटायच्या आत धाकट्या भावानं शब्द जोडायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत वहिनीनं, कादंबरीदेवींनी, बाग केली होती. संध्याकाळी तिथं चटई अंथरायची, लोड ठेवायचा, चांदीच्या तबकात ओल्या रुमालावर मोगऱ्याचा गजरा, वाटीत विडे. ज्योतिरिंद्रनाथ व्हायोलिन घेऊन बसत, रवींद्रनाथ गात. वर तारे, खाली शहराचा आवाज. मुलाला कुणी 'गा' असं सांगायची गरज नव्हती. ती गच्चीच तशी होती. कादंबरीदेवी 1884 साली गेल्या, अगदी तरुणपणी. त्यानंतर रवींद्रनाथांच्या लिखाणात त्या गच्चीचा उल्लेख येतो तेव्हा वाक्यं आखूड होतात असं मला वाटतं.

या ज्योतिरिंद्रनाथांनी मराठी शिकून लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चा बंगाली अनुवाद केला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आपला आणि त्या वाड्याचा संबंध त्यांच्या मधल्या भावापासूनचा. सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. अहमदाबाद, सोलापूर, कारवार, सातारा अशा गावांतून त्यांचा संसार फिरला आणि त्यांनी तुकारामाचे अभंग बंगालीत नेले. त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी मुंबईहून साडी नेसायची नवी तऱ्हा घेऊन कलकत्त्याला गेली, हे सर्वांना माहीत आहे. मला तिची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. 1885 साली तिनं 'बालक' नावाचं मुलांचं मासिक काढलं, ते घरातल्या पोरांनी लिहावं आणि त्यांचं लिहिलेलं छापून यावं म्हणून. पुतण्यांच्या चिठ्ठ्या-चपाट्यांना छापील अक्षरांचा मान मिळावा असं वाटणारी काकू! मासिक एकटं वर्षभरच चाललं, मग 'भारती' या घरच्याच मासिकात मिसळून गेलं. पण त्या वर्षभरात रवींद्रनाथांनाही तिनं सोडलं नाही, त्यांच्याकडूनही कादंबरी लिहून घेतली.

रवींद्रनाथांच्या सहा नंबरच्या घराला लागूनच पाच नंबरचं घर. नात्यानं चुलत आणि रोजच्या जगण्यात एकच. तिथं 1871 साली अवनींद्रनाथ जन्मले. त्यांच्या बालपणीच्या आठवणी मी सगळ्यांत जास्त वेळा वाचल्या आहेत. अवनींद्रनाथ लिहितात तेव्हाही बोलतात. त्यातल्या दोन पुस्तकांचं लेखन तर खरोखरच बोलण्यातून झालं. ते सांगत गेले आणि राणी चंद लिहून घेत गेल्या. त्यांतलं पहिलं हस्तलिखित रवींद्रनाथांनी शेवटच्या आजारात ऐकलं आणि ते हरखून गेले.

लहानगा अवनी खोडकर. वडिलांनी पाण्यात लाल मासे पाळले होते. मासे लाल तर पाणीही लाल हवं, असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं पाण्यात लाल रंग कालवला. मासे मेले. घरात मोठा गहजब झाला. मला या प्रसंगात पुढचा चित्रकार दिसतो, असं म्हणणं सोपं आहे आणि म्हणूनच मी ते म्हणणार नाही. मला दिसतो तो एक मुलगा, ज्याच्या हाताला रंग लागू शकत होता. शाळेत 'पुडिंग' या शब्दाच्या उच्चारावरून त्यानं मास्तरांशी वाद घातला. घरी रोज खातो त्या पदार्थाचं नाव मास्तर चुकीचं कसं सांगतात, हे त्याला पटेना. बेदम मार बसला. वडिलांना, गुणेंद्रनाथांना, कळलं तेव्हा त्यांनी त्याची शाळाच बंद केली. गंगेकाठच्या कोन्नगरच्या बागेतल्या घरी नेलं की तो मोकळा. तिथं बसून तो पहिल्यांदा झोपडी काढायला शिकला. वडील स्वतः चित्रं काढणारे, बागेचे षोकी. 1881 साली ते गेले, तेव्हा अवनी दहा वर्षांचा होता.

पुढे याच घराचा दक्षिणेचा व्हरांडा बंगालच्या चित्रकलेचं माहेर झाला. गगनेंद्रनाथ, समरेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे तिघे भाऊ तिथं आरामखुर्च्या टाकून बसत. हातात कागद, शेजारी रंगाच्या वाट्या आणि हुक्का. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत हाच क्रम. जपानहून चित्रकार आले तरी तिथंच बसले, नंदलाल बोस शिष्य म्हणून आले तेही तिथंच वावरले. आणि या सगळ्यांत पोरं. खाली बागेत खेळायची, वर येऊन आजोबांच्या खुर्चीमागे उभी राहायची. अवनींद्रनाथांचे नातू मोहनलाल गंगोपाध्याय यांनी या व्हरांड्याबद्दल आख्खं पुस्तक लिहिलं आहे. रात्री पडलेली स्वप्नं सकाळी लिहून काढा, असं आजोबांनी नातवंडांना सांगितलं होतं. त्यात नीतिबोधाचा लवलेश नव्हता. आजोबांना ती स्वप्नं खरोखरच वाचायची होती.

याच व्हरांड्याशी सुनयनी देवी जोडलेल्या आहेत. त्या या तिघांची बहीण. भाऊ चित्रं काढतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं. घरातल्या देवाधर्माच्या चित्रांवर त्यांची नजर पोसली. पण त्यांना कुणी शिकवलं नाही. लहान वयात लग्न झालं आणि कुंचला हातात आला तो थेट तिशीत. मग घरकाम सांभाळत, तख्तपोसावर बसून, मधे उठून काय हवं-नको ते पाहत त्यांनी चित्रं काढली. अर्धवट मिटलेले लांब डोळे, राधा, कृष्ण, बाई आणि तिचा पोपट. पटचित्रांच्या आणि बाहुल्यांच्या जगातून आलेल्या या आकृत्या त्यांच्या भावांच्या चित्रांहून वेगळ्या आहेत. मला त्या अधिक निर्भय वाटतात. दाराशी उभं राहून शिकणं हे त्या घरातल्या मुलग्यांसाठी एक सुख होतं, कारण आत बोलावणारं कुणीतरी असायचंच. मुलींसाठी तेवढंच एक दार होतं. सुनयनी देवींची मधली वर्षं त्या घराच्या खात्यावर मांडायलाच हवीत.

घर सुखात लोळत होतं असंही नाही. अवनींद्रनाथांची लहान मुलगी प्लेगनं गेली. तिच्या मरणाचं सगळं दुःख मरणासन्न शहाजहानच्या चित्रात ओतलं, असं ते सांगत. गगनेंद्रनाथांचा थोरला मुलगा तरुणपणी गेला, त्या दुःखात मन रमावं म्हणून घरात कथेकऱ्याला बोलावलं गेलं आणि कथा ऐकता ऐकता गगनेंद्रनाथांनी कागद पुढे ओढला. त्यांची चित्रकला खऱ्या अर्थानं तिथून वेग घेते. घरातल्या पोरांनी हेही पाहिलं असणार. मोठी माणसं दुःखाचं काय करतात, हे त्यांना आपोआप कळलं असणार.

1917 सालचा डिसेंबर. कलकत्त्यात काँग्रेसचं अधिवेशन होतं, अध्यक्ष अ‍ॅनी बेझंट. त्या निमित्तानं आलेल्या पाहुण्यांसाठी वाड्याच्या 'विचित्रा' दालनात रवींद्रनाथांचं 'डाकघर' नाटक झालं. प्रेक्षकांत गांधी, मालवीय, बेझंट आणि आपले टिळक. रंगमंचावर घरचीच माणसं: रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, अवनींद्रनाथ. फुलं वेचणारी सुधा झाली होती अवनींद्रनाथांची मुलगी. मंचावर झोपडी उभी केली होती. सगळं तयार झाल्यावर अवनींद्रनाथांना काहीतरी कमी वाटलं आणि त्यांनी पोपट बसायची पितळी दांडी आणून रिकामीच टांगायला लावली. पाखरू उडून गेलेलं. वैद्यानं घराबाहेर पडायला मनाई केलेला, खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणारा अमल हा त्या नाटकाचा नायक. खडूच्या रिंगणात बसून तळ्याकडे पाहणाऱ्या पोराचं पन्नास वर्षांनी हे असं झालं. मंडालेच्या सहा वर्षांच्या कैदेतून सुटून आलेल्या टिळकांनी त्या खिडकीकडे पाहताना काय विचार केला असेल, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे.

सहा नंबरचं घर आज रवींद्र भारती विद्यापीठाच्या आवारात संग्रहालय म्हणून उभं आहे. खोल्या, पाट्या, काचेमागचे कपडे. मी गेले तेव्हा शाळेच्या मुलांची रांग चालली होती. पाच नंबरचं घर मात्र नाही. ते विकलं गेलं आणि पाडलं गेलं. उतारवयात अवनींद्रनाथांना तो व्हरांडा सोडून बरानगरच्या एका बागेतल्या घरी जावं लागलं. तिथं ते वाळलेल्या फांद्या, मुळं, करवंट्या गोळा करून त्यांतून प्राणी-पक्षी शोधत बसायचे. त्या आवारात उभं राहून दक्षिणेचा व्हरांडा नक्की कुठे असेल याचा मी अंदाज करत राहिले. तेव्हाच हेही मनात आलं की या सगळ्या निवांतपणामागे रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ यांनी मिळवलेला पैसा आणि कुळांनी भरलेला सारा होता. जमीनदारीशिवाय इतक्या आरामखुर्च्या मांडता आल्या नसत्या.

म्हणून मला दुसरं घर फार जवळचं वाटतं. तिथं कामाचे पैसे मिळवावे लागत.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी मूळचे मैमनसिंग जिल्ह्यातले. व्हायोलिन वाजवायचे, पखवाज वाजवायचे, चित्रं काढायचे, आकाशातल्या ताऱ्यांवर मुलांसाठी लिहायचे. मुलांसाठी रामायण लिहिलं, त्याला स्वतः चित्रं काढली. छापून आल्यावर पाहतात तो लाकडी ठशांनी चित्रांची पार वाट लावलेली. दुसरा एखादा चडफडून गप्प बसला असता. यांनी इंग्लंडहून पुस्तकं आणि यंत्रसामग्री मागवली आणि हाफटोन ब्लॉकचं तंत्र घरच्या घरी स्वतः शिकून घेतलं. इतकं की त्या विषयातले त्यांचे लेख लंडनच्या छपाईच्या वार्षिकात छापले जाऊ लागले. 'यू. राय अँड सन्स' ही त्यांची कंपनी यातून जन्मली. स्वतःची चित्रं पोरांपर्यंत नीट पोचावीत, एवढ्यासाठी!

त्यांची मुलगी पुण्यलता हिनं लहानपणच्या दिवसांबद्दल जे लिहिलं आहे ते वाचून माझा दिवस चांगला जातो. कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरचं भलं थोरलं घर, समोर ब्राह्मो समाजाचं मंदिर, घरातच मुलींची शाळा. त्याच घरात तिच्या आईची सावत्र आई राहायची, कादंबिनी गांगुली, वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. रोग्याकडे घोडागाडीतून जाता-येता तिच्या हातात लेस विणायचं काम असे. वडील चित्र रंगवायला बसले की मुलं भोवती. आणि थोरला भाऊ सुकुमार, सगळ्या पोरांचा म्होरक्या. त्यानं एक खेळ शोधला होता. कुणाचा राग आला, पण त्याच्यावर सूड उगवायचा नाही असं ठरलं, तर त्याच्याबद्दल एक अचाट गोष्ट रचायची. त्या गोष्टीत त्याची फजिती व्हायची, पण वाईट काही व्हायचं नाही. एकानं सुरू करायची, दुसऱ्यानं पुढे न्यायची. शेवटी हसून हसून राग कुठे गेला ते कळायचं नाही. सुकुमारच्या 'आबोल ताबोल' या कवितांमधली ती विक्षिप्त, निष्पाप माणसं आणि जनावरं पुढे लाखो बंगाली मुलांना तोंडपाठ झाली. त्यांची जात मला या खेळातच सापडते.

1913 साली उपेंद्रकिशोरांनी 'संदेश' मासिक काढलं. आपल्याकडे वा. गो. आपट्यांचं 'आनंद' त्याआधी सात वर्षं निघालं होतं, आणि हे आपटे बंगालीतून मराठीत अनुवाद करणारे. दोन्हीकडे एकाच वेळी मुलांना वाचक म्हणून उभं केलं जात होतं, हे पाहून मला बरं वाटतं. मग गडपार रोडवर 100 नंबरचं घर बांधलं. पुढच्या भागात छापखाना, मागे आणि वर कुटुंब. उपेंद्रकिशोर 1915 साली गेले. सत्यजितचा जन्म याच घरात, 2 मे 1921.

सत्यजित राय पाच-सहा वर्षांचे असेपर्यंतच त्या घरात राहिले. तरी टर्पेंटाइनचा वास आला की त्यांना ब्लॉक बनवायचा विभाग दिसायचा. तिथं रामदहीन नावाचा कामगार होता. पोरगं कागदावर काहीतरी गिरबटून घेऊन जायचं आणि सांगायचं, हे 'संदेश'मध्ये छापायचं आहे. रामदहीन गंभीरपणे मान डोलवायचा. नुसती मान डोलवून थांबायचा नाही. तो कागद कॅमेऱ्याखाली ठेवायचा आणि पोराला उचलून मागच्या काचेवर त्याच्याच चित्राचं उलटं प्रतिबिंब दाखवायचा. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. त्या माणसाला कामाचा ढीग होता.

मला हे इतकं लागतं याला कारण आहे. सांगलीला आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं. कलेचं नाव कुणी काढत नव्हतं. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस आणि एक जुळारी काका. मशीन चालू झालं की वरच्या मजल्यावरचे पाट थरथरायचे. शाळेतून आले की मी खाली. अण्णा वाया गेलेले कागद माझ्यासाठी बाजूला काढून ठेवत, पाठकोरे. एकदा जुळारी काकांनी माझी चार ओळींची कविता हातातलं काम थांबवून जुळवली, स्टिकमधली उलटी अक्षरं मला वाचायला लावली आणि मग हातानं रूळ फिरवून एक प्रत काढून दिली. शाई ओली होती. त्यांनी कवितेबद्दल चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. 'वेलांटी दुसरी पाहिजे का बघ,' एवढंच म्हणाले. एखाद्या साहेबाचं प्रूफ दाखवावं तसं. मी पुढे काय लिहिलं ते फार नाही, पण लिहिणं हे माणसांनी हातानं करायचं काम आहे हे मला तिथं कळलं.

गडपारच्या घरावर मात्र लवकरच आभाळ आलं. सुकुमार राय इंग्लंडमध्ये छपाई शिकून आलेले, लिहिते, चित्रं काढते, 'संदेश'चे संपादक. सत्यजितच्या जन्माच्याच वर्षी त्यांना काळाआजार जडला. अंथरुणावरून ते लिहीत राहिले, चित्रं काढत राहिले, 'आबोल ताबोल'ची जुळणी पाहत राहिले. रवींद्रनाथ त्यांना भेटायला आले आणि त्यांच्या इच्छेवरून उशाशी बसून गायले. 10 सप्टेंबर 1923 ला सुकुमार गेले. वय छत्तीसच्या आत. 'आबोल ताबोल' पुस्तक म्हणून बाहेर आलं ते त्यानंतर नऊ दिवसांनी. सत्यजितला वडिलांची नीटशी आठवण एकच. गंगेकाठी सोदपूरला हवापालटासाठी गेले असताना वडील खिडकीशी बसून चित्र काढत होते आणि एकदम म्हणाले, 'जहाज चाललंय.' पोरगं धावत बाहेर आलं, भोंगा वाजवत एक आगबोट गेली. या आठवणीतही वडील चित्र काढता काढता पोराला बाहेरचं जग दाखवत आहेत.

कंपनी बुडाली, घर गेलं. सत्यजितची आई सुप्रभा देवी मुलाला घेऊन भवानीपूरला भावाकडे राहायला गेल्या. विणकाम, भरतकाम, मातीच्या मूर्ती असं हाताचं कसब त्यांच्याकडे होतं, त्यावर त्यांनी शिकवायची नोकरी धरली. बाकी नातेवाईक होतेच. धनदादू, म्हणजे उपेंद्रकिशोरांचे भाऊ कुलदारंजन, फोटो मोठे करून रंगवायचे आणि महाभारत सांगायचे. जयद्रथवधाची गोष्ट सत्यजितनं त्यांना चार वेळा सांगायला लावली. धाकटे काका वेगवेगळ्या रंगांच्या शाईंनी रोजनिशी लिहायचे आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचे. दुपारी खिडक्या बंद केल्या की फटीतून आलेल्या उजेडानं भिंतीवर रस्त्यावरची माणसं, गाड्या उलट्या चालताना दिसत, आणि तो मुलगा अंथरुणावर पडून ते बघत बसे. घर नाहीसं झालं तरी रेंगाळायला जागा उरली होती.

एक नाव राहिलं. उपेंद्रकिशोरांचे आणखी एक भाऊ सर्वेक्षण खात्यात होते, रानावनांत हिंडायचे. त्यांची मुलगी लीला शिलाँगला वाढली आणि मग कलकत्त्याला आली. सुकुमार तिचे चुलतभाऊ, पण वयानं पुष्कळ मोठे. आजारी असताना त्यांनी तिला सांगितलं की 'संदेश'साठी गोष्ट दे. 1922 साली ती छापून आली, तेव्हा लीला चौदा वर्षांची होती. पुढे लीला मजुमदार या नावानं ती बंगाली बालसाहित्यातली सर्वांत लाडकी लेखिका झाली.

1961 साली सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्याबरोबर 'संदेश' पुन्हा सुरू केलं. सिनेमामुळे ते तोवर जगभर पोचले होते. काही वर्षांत संपादक म्हणून त्यांच्या जोडीला लीला मजुमदार आल्या आणि पुण्यलतांची मुलगी नलिनी दास आल्या. उपेंद्रकिशोरांचा नातू, नात आणि पुतणी. अंकाला मजकूर हवा म्हणून सत्यजित यांनी मुलांसाठी लिहायला घेतलं. शास्त्रज्ञ प्रोफेसर शंकू आणि गुप्तहेर फेलूदा दोघेही 'संदेश'च्या पानांवर जन्मले. दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढायची, मुखपृष्ठं करायची, शीर्षकांची अक्षरं रेखायची हे कामही ते शूटिंगच्या धबडग्यातून वेळ काढून करत राहिले. मासिकात छोट्या वाचकांनी पाठवलेल्या लिखाणासाठी आणि चित्रांसाठी वेगळी पानं राखून ठेवलेली होती.